मागचं दार कुणाचं?

गेल्या चौदा एप्रिलला गोदीतनं आठ दिवसांची बिनपगारी रजा काढून गावाकडं आलो होतो. यवतमाळला, पाटीपुऱ्यात, मावशीकडं. मिरवणूक आटोपली, निळ्या गुलालानं माखलेली पोरं आपापल्या घरी झोपायला गेली, आणि मावशीचा धाकटा पोरगा मला गच्चीवर घेऊन गेला. पोरगा हुशार. अमरावतीला कॉलेजात शिकतो. कविता लिहितो, आणि माझ्यापेक्षा बरी लिहितो. त्याच्या टी-शर्टावर एक उघडाबंब गोरा माणूस हात पसरून उभा होता, केस येशूसारखे.

"हा कोन बे?"

"दादा, हा जिम मॉरिसन. डोअर्सवाला. तू आयक तं खरं. याले म्हन्तेत विद्रोह. आपल्या गान्यायले हे जमूनच नाही रायलं."

त्यानं मोबाइलवर अख्खी रेकॉर्ड लावली. अकरा गाणी, चव्वेचाळीस मिनिटं. मधेच खिशातनं एक पुडी काढली आणि कागदात वळू लागला. म्हणाला, "हे घेतल्याबिगर समजत नाही दादा. दारं उघडत नाहीत."

मी ती पुडी त्याच्या हातातनं घेतली आणि खाली नालीत फेकली. रेकॉर्ड मात्र फेकली नाही. ऐकली. मुंबईला परत आल्यावर रात्रपाळी सुटल्यावर दहादा ऐकली, डिक्शनरी मांडीवर घेऊन ऐकली. मी मॅट्रिक माणूस. इंग्रजी माझं लंगडं. पण पोत्यांवरचे मार्के वाचता वाचता जगातल्या कितीतरी बंदरांची नावं मला पाठ झालीत. तेव्हा गोदीतल्या हमालाला रॉकमधलं काय कळतं असं कुणी म्हणू नये. ज्याला पाठीवरचं वजन कळतं त्याला आवाजाचंही वजन कळतं.

आणि म्हणून ठणकावून सांगतो : डोअर्सची ही १९६७ सालची पहिली रेकॉर्ड वाईट नाही. पण तिला विद्रोहाच्या देव्हाऱ्यात बसवलंय, ते साफ ढोंग आहे.

आधी तिच्या पदरात तिचं माप टाकतो, म्हणजे कुणी मला आकसखोर म्हणणार नाही. रेकॉर्ड बाहेर पडली ४ जानेवारी १९६७ ला. त्याआधीच्या ऑगस्टात लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत थोड्याच दिवसांत ध्वनिमुद्रण उरकलं. चार पोरं. मॉरिसन गायला, रे मांझारेक ऑर्गनवर, रॉबी क्रीगर गिटारवर, जॉन डेन्समोर ड्रमवर. मांझारेकचा ऑर्गन ऐकताना अंगावर काटा येतो, नाकारत नाही. क्रीगर बोटांनी तारा छेडतो, स्पॅनिश गिटारवाल्यासारखा. आणि मॉरिसनचा आवाज खोल आहे, विहिरीतनं आल्यासारखा. जिच्यावर सगळी कीर्ती उभी ते 'लाइट माय फायर' हे गाणं मुळात क्रीगरचं. सात मिनिटांचं गाणं कंपनीनं कापून तीन मिनिटांच्या आत बसवलं, रेडिओवर वाजावं म्हणून, आणि १९६७ च्या जुलैत ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. कव्हरावर बघाल तर मॉरिसनचं तोंड एवढं मोठं आणि बाकीचे तिघं कोपऱ्यात, मिरवणुकीतल्या फ्लेक्सवर कार्यकर्ते असतात तसे.

आणखी एक. या बँडात बास गिटारवाला नव्हता. मांझारेक डाव्या हातानं वाजवायचा. पण काही गाण्यांत तेवढ्यानं भागेना, म्हणून लॅरी नेक्टेल नावाचा रोजंदारीवरचा वादक बोलावला. त्यानं बास वाजवली, पैसे घेतले, घरी गेला. मूळ रेकॉर्डवर त्याचं नाव नाही. आम्हा गोदीवाल्यांना ही गोष्ट पहिल्यांदा दिसते. जहाजावर मालकाचं नाव रंगवलेलं असतं. ते रिकामं करणाऱ्या टोळीचं नाव कुठंच नसतं.

आता या 'दारां'चं बघू.

बँडाचं नाव आलं आल्डस हक्सलेच्या १९५४ च्या पुस्तकावरनं. साहेबानं मेस्कलिन नावाचं औषध घेतलं, त्याला फुलदाणीतली फुलं आणि स्वतःच्या पँटीच्या घड्या दिव्य दिसल्या, आणि त्यानं लिहिलं की जाणिवेची दारं अशी उघडतात. ठीक आहे बाबा. तुझ्या घराची, लायब्ररीची, बँकेची सगळी दारं आधीच उघडी होती, राहिलं होतं ते डोक्यातलं. तेही उघडलंस. मजा कर.

पण आपल्या बापजाद्यांच्या पुढं कुठली दारं होती? १९३० च्या मार्च महिन्यात नाशकाला काळाराम मंदिराच्या दारापुढं बाबासाहेबांनी हजारो माणसं उभी केली. दारं बंद. मागं पुजारी, पुढं पोलीस. पाच वर्षं तो सत्याग्रह चालला. दगड खाल्ले माणसांनी. ते दार लाकडाचं होतं, लोखंडी कडीचं होतं, त्याला हात लावला तर रक्त निघत होतं. कुठल्याही औषधानं ते उघडलेलं दिसलं नसतं, आणि दिसलं असतं तरी ते खोटं असतं. दाराची गोष्ट करायची तर आधी हे सांग मित्रा, की दार कुणी लावलं आणि कडी कुणाच्या हातात आहे. डोअर्सच्या पहिल्या रेकॉर्डीत हा प्रश्नच नाही. 'ब्रेक ऑन थ्रू' म्हणून पहिल्याच गाण्यात धडका मारतात, पण पलीकडं काय आहे विचारलं तर धूर.

आता सातवं गाणं घेऊ. 'बॅक डोअर मॅन'. मागच्या दाराचा माणूस. हे गाणं विली डिक्सनचं. काळा माणूस, मिसिसिपीत जन्मलेला. गायलं १९६० साली चेस्टर बर्नेटनं, ज्याला जग हाउलिन वुल्फ म्हणतं. तोही मिसिसिपीतला, कापसाच्या शेतात राबत वाढलेला, देहानं राक्षस, आवाज असा की दगडावर लोखंड घासावं.

कापूस म्हटलं की माझे कान उभे राहतात. मी यवतमाळचा आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, दक्षिणेतला काळ्या गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरला पोचेना, तेव्हा गोऱ्या साहेबाला आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. इथली काळी माती, इथल्या बाया, इथले महार-मांग-गोंड मजूर. कापूस बैलगाडीनं, मग रेल्वेनं मुंबई बंदरात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला नावाची चिमुकली रेल्वे टाकली तीही त्याच्यासाठीच. आता ती बंद पडलीय, रुळात गवत आहे. म्हणजे हाउलिन वुल्फच्या आज्यानं वेचलेली बोंडं आणि माझ्या खापरपणज्यानं वेचलेली बोंडं एकाच गिरणीच्या मुखात जात होती. मी आज ज्या मुंबईच्या गोदीत पोती उचलतो तिथनंच आमच्या मुलखाचा कापूस गेला. म्हणून वुल्फ माझ्या भावकीतला आहे. त्याचं गाणं मला टी-शर्टावाल्या पोराकडून शिकायची गरज नाही.

मागचं दार म्हणजे काय? दक्षिणेत काळ्या माणसानं गोऱ्याच्या घरात पुढनं यायचं नाही. मागनं यायचं. हॉटेलात खाणं मागच्या खिडकीतनं घ्यायचं. आमच्याकडं वेगळं होतं का? माझी आजी सांगायची, पाटलाच्या वाड्याच्या मागल्या अंगाला उभं राहून हाक द्यायची, आणि भाकर वरून पदरात पडायची, हाताला हात न लागता. विली डिक्सननं काय केलं? त्याच अपमानाच्या मागच्या दाराला त्यानं चावट विनोदाची जागा केली. ज्या दारानं तुम्ही मला हिणवता त्याच दारानं तुमच्या घरातलं सुख घेऊन मी पसार होतो, असा त्याचा डाव. गुलामाच्या नातवाचं ते खिदळणं आहे. त्याला दात आहेत.

आता तेच गाणं मॉरिसनच्या तोंडी द्या. कोण हा मॉरिसन? आरमारातल्या मोठ्या अधिकाऱ्याचा पोरगा. हा कुठल्या घरात मागच्या दारानं गेला? त्याला पुढच्या दारानं जायला कुणी अडवलं? तो ओरडतो, घुमतो, छाती बडवतो, पण गाण्यातला दात पडून गेलेला असतो. उरतो तो नुसता वळूचा माज. डिक्सनचं नाव त्यांनी छापलं, हे खरं, चोरी केली म्हणणार नाही. दुसऱ्यांनी तेवढंही केलं नाही. लेड झेपेलिनवर डिक्सनला १९८५ साली कोर्टात जावं लागलं, १९८७ साली तडजोड झाली. पण नाव छापलं म्हणून गाणं आपलं होत नाही. फाटकं धडुतं अंगावर घालून नाटकात उभं राहिलेला नट आणि ज्याच्याकडं दुसरं धडुतंच नाही तो माणूस, या दोघांत फरक आहे की नाही?

बापाचं नाव काढलंच आहे तर पुढं जाऊ. शेवटचं गाणं 'द एंड'. अकरा मिनिटांच्या वर. यात बापाला मारायची आणि आईवर हात टाकायची जुनी ग्रीक कथा येते, आणि शहाणे समीक्षक डोळे मिटून मान डोलावतात, की काय धाडस! धाडस? १९६४ च्या ऑगस्टात टोंकिनच्या आखातात अमेरिकन आरमाराची जी जहाजं होती, त्यातल्या ताफ्याचा अधिकारी होता जॉर्ज स्टीफन मॉरिसन. याचा सख्खा बाप. तिथं दुसरा हल्ला झाला म्हणून जगाला सांगितलं, तो हल्ला झालाच नव्हता, आणि त्या खोट्यावर अमेरिकन संसदेनं ठराव करून व्हिएतनामवर युद्ध लादलं. लाखो माणसं मेली. भाताची शेतं जळाली. आणि पोरानं काय केलं? कंपनीच्या माहितीपत्रात सांगितलं की माझे आईबाप मेलेत. बाप जिवंत होता, नोकरीवर होता. गाण्यात बापाचा खून केला तो कुठल्यातरी हजारो वर्षांपूर्वीच्या राजाच्या बापाचा. स्वतःच्या बापाच्या जहाजांबद्दल त्या अकरा गाण्यांत चकार शब्द नाही. पुढं १९६८ साली युद्धाविरुद्ध एक गाणं केलं त्यांनी, ते मी त्यांच्या जमेला धरतो. पण देव्हाऱ्यात बसलीय ती ही पहिली रेकॉर्ड. आणि काळाचा सूड बघा : १९७९ साली कपोलानं व्हिएतनामवर सिनेमा काढला, त्यात सुरुवातीलाच नेपामनं जंगल पेटतं आणि वर हेच गाणं वाजतं. बापाच्या युद्धाला पोराचं पार्श्वसंगीत.

पुढं ऐका. ही रेकॉर्ड ज्या शहरात झाली त्याच शहरात, बरोबर वर्षापूर्वी, १९६५ च्या ऑगस्टात, वॉट्स नावाची काळ्यांची वस्ती सहा दिवस पेटली होती. चौतीस माणसं मेली. राख पुरती थंड झाली नव्हती. पोरं तेव्हा सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबात वाजवत होती. आणि रेकॉर्ड झाल्यावर दोन महिन्यांनी, १९६६ च्या ऑक्टोबरात, त्याच कॅलिफोर्नियात ओकलंडला ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. एकच राज्य, एकच वर्ष. एकीकडं डोक्यातली दारं, दुसरीकडं पोलिसांच्या गाडीमागं कायद्याचं पुस्तक घेऊन फिरणारी काळी पोरं. डोअर्सच्या रेकॉर्डीत 'सोल किचन' नावाचं एक गाणं आहे, काळ्यांच्या जेवणाच्या खानावळीवरनं सुचलेलं. छान आहे. पण पँथरनी १९६९ साली खरोखरचं किचन काढलं, शाळेत जाण्याआधी भुकेल्या पोरांना फुकट नाश्ता दिला. कुठलं किचन मोठं, तुम्हीच ठरवा.

अमेरिकेतनं आपल्याकडं दोन्ही गोष्टी आल्या. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी पँथर हे नाव उचललं आणि त्यात आपलं रक्त ओतलं. त्याच १९७२ साली लेड झेपेलिनचे दोघं कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबात वाजवून गेले. महाराष्ट्रात दुष्काळ होता, माणसं खडी फोडत होती. त्याच्या थोडं आधी, १९७० आणि ७१ ला, सिमला नावाच्या सिगारेटीच्या जाहिरातीसाठी पोरांच्या बीट बँडांच्या स्पर्धा झाल्या, त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या. १९७७ ची मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन ७७' ही रेकॉर्ड आज जगभरचे शौकीन शोधत फिरतात, अमेरिकेतल्या कंपनीनं ती पुन्हा काढली. काढू द्या. त्या पोरांशी माझं भांडण नाही. भांडण हिशोबाचं आहे. सिगारेटवाल्याच्या पैशानं इंग्रजी आरोळ्या मेणावर कोरल्या गेल्या, आणि वस्त्यावस्त्यांतनं रात्रभर चाललेले आपले जलसे हवेत विरले. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक, वामनदादा कर्डकांची गावोगावची बैठक, यातलं किती टेपवर आहे आणि किती म्हाताऱ्यांबरोबर स्मशानात गेलं? जे मुद्रित झालं ते 'अभिजात' होतं, यादीत येतं, टी-शर्टावर येतं. उरलेल्याला लोकसंगीत म्हणतात आणि विसरतात.

आणखी एक पुरावा देतो, मग थांबतो. या रेकॉर्डीत 'अलाबामा साँग' आहे. ब्रेश्टचं गाणं, कुर्ट वाइलची चाल. ब्रेश्ट आपल्याकडं परका नाही, 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ पासून आपल्याला माहीत आहे, आणि त्यात गायलेले नंदू भेंडे मुंबईच्या रॉकमधलेच. मूळ गाण्यात तीन मागण्या येतात : दारू, शरीर आणि डॉलर. डॉलरचं कडवं आलं की गाण्याचा अर्थ लागतो, की बाबा हे शहर पैशावर चालतं आणि ज्याच्याकडं पैसा नाही तो गुन्हेगार. डोअर्सनी दारूचं कडवं ठेवलं. पोरीचं ठेवलं. डॉलरचं गाळलं. दोस्तांनो, एका कडव्यात अख्खा पंचनामा आहे. दारू राहिली, बाई राहिली, भांडवल गेलं. पुढच्याच वर्षी, १९६८ ला, बुइक मोटारीच्या जाहिरातीला 'लाइट माय फायर' द्यायला बाकीचे तिघं तयार झाले. मॉरिसन तेव्हा गावात नव्हता. आल्यावर भडकला, आणि त्याचं भडकणं बरोबर होतं, त्याबद्दल त्याला सलाम. पण गाण्यातच डॉलरला वाट मोकळी करून दिली की डॉलर येणारच.

आणि ध्यानाचं विसरू नका. मांझारेकला क्रीगर आणि डेन्समोर भेटले ते महर्षी महेश योग्याच्या ध्यानाच्या वर्गात. हसू येतं मला. ज्या देशात ध्यान आणि मोक्ष यांची दुकानं गावकुसाच्या आत होती आणि गावकुसाबाहेर मेलेली ढोरं ओढायला माणसं होती, त्या देशातनं हा माल गेला, तिकडनं त्याला इलेक्ट्रिक गिटार लावून परत आला, आणि आमच्या पाटीपुऱ्याच्या गच्चीवर आमच्याच पोराला विद्रोह म्हणून विकला गेला!

मावशीच्या पोराला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मंग तू बी तेच करून रायला. बापाची जात पाहून गानं जोखून रायला." माझं तोंड क्षणभर बंद झालं. प्रश्न खरा आहे. मी रात्रभर विचार केला आणि माझं उत्तर हे आहे : बापावरून माणसाची लायकी ठरवत नाही. त्याच्या हातात काय आलं आणि त्यानं त्याचं काय केलं, ते बघतो. त्याच १९६७ सालात जिमी हेंड्रिक्सचीही पहिली रेकॉर्ड निघाली. तिच्यातही नशा आहे, धूर आहे. पण त्या गिटारीच्या किंकाळीत वुल्फचा मुलूख ऐकू येतो. मॉरिसनकडं बाप होता, जहाज होतं, युद्ध होतं, गाण्याला याहून मोठा विषय कुणाला मिळत नाही. त्यानं तो सोडला आणि स्वतःच्या डोक्यात शिरला. म्हणून रागवतो.

खरं सांगायचं तर राग तेवढ्याचा नाही. माझा बाप दारूनं गेला. हातभट्टीची. कापसाला भाव नाही, घरात दाणा नाही, तेव्हा त्यानंही एक दार उघडलं होतं. त्या दारापलीकडं काय असतं ते मला दहाव्या वर्षी कळलं. पलीकडं सरकारी दवाखान्याची फरशी असते आणि आईच्या फुटलेल्या बांगड्या असतात. मॉरिसन सत्ताविसाव्या वर्षी पॅरिसात मेला, १९७१ च्या जुलैत. त्याच्या थडग्यावर जगभरची पोरं फुलं वाहतात. माझा बाप त्याच्यापेक्षा फार मोठा नव्हता. त्याच्या मरणाचं कुणी टी-शर्ट काढलं नाही. गोऱ्याची नशा झाली की दर्शन आणि आमच्या बापाची झाली की बेवडा! ही दोन मापं मी मोडून टाकणार आहे. दोन्ही मरणं वायाच गेली, एवढंच मला दिसतं.

म्हणून तुम्हाला सांगतो पोरांनो, रेकॉर्ड ऐका. मांझारेकचा ऑर्गन ऐका. मग लगेच हाउलिन वुल्फ ऐका, आणि मग वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या भजनीबुवाला घरी बोलावून त्याची बाबासाहेबांवरची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, तो आहे तोवर. चहा पाजा त्याला. नाव लिहा. ढोलकीवाल्याचंही लिहा, कोरसात उभ्या असलेल्या बायांचंही लिहा. आपल्या रेकॉर्डवर एकही लॅरी नेक्टेल राहता कामा नये.

आणि काळारामाचं दार आठवा. पाच वर्षं धडका दिल्यावर बाबासाहेबांनी त्या दाराकडं पाठ फिरवली. १९३५ ला येवल्याला सांगितलं, १९५६ ला नागपुरात करून दाखवलं. दार उघडलं नाही म्हणून ते उंबऱ्यावर नशेत पडून राहिले नाहीत. त्यांनी लाखो माणसांना घेऊन दुसरं घर बांधलं.

मावशीचा पोरगा दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला येणार आहे. मी त्याला रात्रपाळीला गोदीच्या गेटावर घेऊन जाणार. तिथं पहाटे टोळी सुटताना जे आवाज येतात, साखळ्यांचे, क्रेनचे, खोकल्याचे, शिव्यांचे, हसण्याचे, ते त्याला ऐकवणार. म्हणणार, बावा, याच्यावर लिही. टी-शर्ट घालून आला तरी चालेल.

जय भीम!